उजवी बाजू वर

चिगुसा आपल्याच कादंबरीवर सिनेमा काढत होती. कादंबरीतली आई आज मरायची होती आणि नेमकी आजच तिची खरी आई शूटिंग बघायला आली. कपडेपटाच्या बाई चिगुसाच्या कानाशी कुजबुजल्या, "मॅडम, आईंनी किमोनोची उजवी बाजू डावीवर घेतलीय. मयताला नेसवतात तशी!" चिगुसा धावतच आईकडे गेली. "आई, हे कसं गं नेसलीस?" "तीन कादंबऱ्यांत मारलंस मला. म्हटलं, या खेपेला तयारीनंच जावं!" सगळं युनिट खो खो हसलं. चिगुसाचाही जीव भांड्यात पडला. आईला आडोशाला नेऊन ती कमरपट्टा सोडू लागली. आईनं हळूच विचारलं, "हसले ना सगळे? बरं झालं. अगं, सकाळपासून आठवतच नाहीये, कुठली बाजू वर घ्यायची ते." चिगुसाचे हात थबकले. आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "हे मात्र पुस्तकात लिहू नकोस हं."