घरात कोणी नाही

दार उघडलं तेव्हाच म्हाताऱ्या वायरमनच्या कानाला खटकलं. गादीचा पंप वाजत नव्हता.

हातातली पिशवी त्याने तिथेच दारात टाकली. आतल्या खोलीत बायको घामाने निथळत पडली होती. पंखा बंद. कमरेखाली हलू न शकणाऱ्या तिच्या अंगाखालची हवेची गादी पार बसली होती. ती आता नुसत्या फळीवर होती. तिचा फोन समोरच्या प्लगला, चार हातांवर.

"लाइट गेली?"

"छे. शेजारचा मिक्सर मघाशी चालू होता. पोरगा ऑफिसला बाहेर पडला आणि हॉलमधली ती बाई म्हणाली, घरात कोणी नाही, सगळं बंद करते." बायकोने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "मी तीनदा ओरडून सांगितलं, अगं, मी आहे. तर म्हणते, हा आवाज नोंदलेला नाही."

पोरगा नऊला निघाला होता. आता बारा वाजत आले होते.

त्याने तिला पाणी पाजलं, कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी बोराएवढा लाल डाग उठला होता. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. मागच्या खेपेला असाच डाग होता, त्याची जखम झाली आणि भरायला पाच महिने गेले. अशा अंगाला टणक जागी दोन तास पुरतात, असं नर्सने तेव्हा बजावलं होतं.

हॉलमध्ये टीव्हीशेजारी ती बाईच्या आवाजात बोलणारी डबी बसली होती, साबणाच्या वडीएवढी. काल मुलाने माणूस आणून सगळ्या भिंतींतली जुनी बटणं उपटली आणि काचेच्या पट्ट्या बसवून घेतल्या. अर्ध्या गावाचं वायरिंग केलेल्या बापाने त्या माणसासाठी स्टूल धरलं होतं. पोराची हौस म्हणून. ‘ऐक’ म्हटलं की ती ऐकते, असं पोराने चारचारदा करून दाखवलं होतं.

म्हाताऱ्याने आतल्या खोलीतल्या काचेला बोट लावलं. पंप घुरघुरला. तो वळतो तोच बंद. पुन्हा बोट, पुन्हा घुरघुर, पुन्हा बंद. "घरात कोणी नाही," डबी समजुतीने म्हणाली. त्याने तिला आधी नीट सांगितलं, मग ओरडून सांगितलं, मग तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिन्ही वेळा तिचं एकच: हा आवाज नोंदलेला नाही.

त्याने मुलाला फोन लावला. मुलगा मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला. त्याचा फोन घराबाहेर गेला की घर आपोआप बंद होतं, तेवढीच विजेची बचत. आईबाबांची नावं टाकायची फक्त राहून गेली होती. इथूनच चालू करतो म्हणाला, आणि खरंच पंप चालू झाला. बघा, म्हणून तो खूशही झाला. म्हातारा फोन ठेवतो न ठेवतो तोच पंप थांबला. त्याने पुन्हा फोन लावला.

"बाबा, नेट जरा डळमळतंय. रविवारी नीट करतो. तोवर कशाला हात लावू नका, वॉरंटी जाईल."

"आणि तोवर तुझ्या आईने काय करायचं? तरंगायचं?"

उत्तर यायच्या आत त्याने फोन कापला.

माळ्यावरची कामाची पिशवी खाली आली. टेस्टर, पक्कड, टेप. भंगारात निघालेली काळी बटणं त्याने काल गुपचूप उचलून ठेवली होती, त्यांतली तीन. मग मीटरपाशी जाऊन त्याने दोन फ्यूज उपसले, आतल्या खोलीचा आणि हॉलचा, आणि शर्टाच्या खिशात घातले. डबी ‘घरात’ म्हणता म्हणता मध्येच गप्प झाली. तारेला हात लावण्याआधी फ्यूज स्वतःच्या खिशात, हे उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. बोर्डावर ठेवला की कोणीतरी शहाणा येतो आणि लावतो.

काचेची पट्टी सरळ निघेना. त्याने ती उचकटली. कडकन तडा गेला.

"हळू हो. महागाची आहे," बायको कुशीवरूनच म्हणाली.

"तुझी पाठ काय स्वस्तातली आहे?"

तारा जोडून झाल्यावर त्याने आतल्या खोलीचा फ्यूज जागेवर बसवला आणि काळं बटण दाबलं. टक. पंप घुरघुरू लागला. गादीचा एकेक कप्पा फुगत गेला आणि फळीला टेकलेली बायको हळूहळू वर आली. तो तिथेच उभा राहून दहा मिनिटं बघत राहिला. पंप थांबला नाही.

हॉलचा फ्यूज खिशातच राहिला. विसरला असं काही म्हणवत नाही.

दिवेलागणीला मुलगा आला. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत दिवा होता, पंखा होता, वायरमन पलंगाच्या कडेला बसून डागाला मलम लावत होता. डाग अजून लालच होता. बाहेर काळोखात मुलाचा पाय दुपारपासून दारात पडलेल्या पिशवीला अडखळला.

"ऐक, दिवे लाव."

काही झालं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, जरा दरडावून. तिसऱ्यांदा तो असा ओरडला की शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

"बाबा?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, पोरगा हाक मारतोय."

"ऐकलं." त्याने खिशावरून हात फिरवला, फ्यूज जागेवर होता. "अजून दोनदा मारू दे."