कल्हईच्या गुंडातली वाईन

बूच निघालं तेव्हा कस्तुराबाईंनी डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांनी जांभळाचा वास आला, आणि त्यामागोमाग नसलेल्या भात्याचा, नवसागराच्या धुराचाही.

"आजी, दोनच चमचे घेते," तनुजा म्हणाली.

"दोन चमच्यात काय समजते वं?"

"सगळं समजतं. हे मशीन तुझ्यापेक्षा चिकट आहे."

वाशीमच्या प्रयोगशाळेत नातीला नोकरी लागली. अन्नपाण्यातलं शिसं मोजायचं काम. ते कळलं तशा कस्तुराबाई बाटली पदराखाली धरून मालेगावहून बसनं आल्या होत्या.

"पन मले बरं वाटावं म्हनून खोटं नोको सांगू."

कस्तुराबाईंचे नवरे उत्तमराव कल्हई करत. त्यांच्या हातचं पितळ आतून चांदीसारखं चमके. दर आषाढात घरच्या गुंडाला, पाण्याच्या पितळी भांड्याला, कल्हई करून ते त्यात जांभळाची वाईन घालत. ती उतरली की पहिला पेला नवरा-बायको अर्धा अर्धा घेत. एका वर्षी बाजारात कुणीतरी बोललं, उत्तमराव कल्हईच्या कथलात शिसं मिसळतो. शिसं स्वस्त, आणि विषारी. उत्तमराव नाही म्हणत राहिले, पण महिन्याभरात गिऱ्हाईक तुटलं, भाता थंड झाला. ही वाईन त्याच वर्षीची. पुढची जांभळं उत्तमरावांनी पाहिली नाहीत.

तनुजानं नमुना आम्लात उकळला, गाळला, यंत्राला दिला. आकडा आला. तिनं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"नावापुरतं आहे, आजी. इतकं तर मातीतूनच फळात येतं. आजोबांनी मिसळलं असतं, तर आकडा शंभरपट असता. ते खरं बोलत होते."

कस्तुराबाईंचा पदर तोंडाशी गेला.

"आता कशाला रडतेस? तू तर त्यांच्यावर विश्वास ठेवलास. त्यांची आठवण म्हणून एवढी वर्षं थेंबसुद्धा सांडला नाहीस."

कस्तुराबाईंनी बाटली मांडीवर घेतली. दोन चमचे सोडले तर ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

"त्या वर्षी त्याईनं पहिला पेला पुढं केला होता, बाई. म्या म्हनलं, आज माही चतुर्थी हाय. त्याईनं पेला बाटलीत ओतला अन् बूच लावलं."

कस्तुराबाईंनी बूच पुन्हा दाबून बसवलं.

"त्या दिवशी चतुर्थी नव्हती, तनू. त्याईलेबी मालूम होतं."