क्लेम नको

"सही करणार नाही," एक्स-रे सेंटरच्या बाई म्हणाल्या आणि क्लेमचा फॉर्म त्यांनी विमा कंपनीच्या माणसाकडे परत सरकवला.

हा माणूस नुकसानीची चौकशी करणारा. तांदळातला खडा त्याच्या हातून सुटत नसे, म्हणून ऑफिसात त्याला चाळणी म्हणत. अठरा वर्षांत त्यानं जळलेल्या गोदामापुढं रडणारे पाहिले होते, न जळलेल्या गोदामापुढं त्याहून मोठ्यानं रडणारेही पाहिले होते. पण वाढलेलं ताट समोर आलं असताना हात मागं घेणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

प्रकार साधा होता. सकाळी सेंटरचा कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर लाल पाटी: तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, सोडवून हव्या असतील तर पैसे भरा. आत फरशीच्या कारखान्यातल्या चाळीस कामगारांच्या छातीचे एक्स-रे अडकलेले. सेंटरची कागदपत्रं बाईंचे धाकटे दीर बघायचे. त्यांनी तडक विमा कंपनीला फोन लावला. सायबर विमा घ्यायचा आग्रहही तीन वर्षांपूर्वी त्यांचाच. आता कंपनीचा तज्ज्ञ येणार, कुलूप उघडणार, बुडालेल्या कामाची भरपाई मिळणार. कुणाची खासगी माहिती बाहेर फुटून कोर्टकचेरी झालीच, तर तीही कंपनीच निस्तरणार. बाईंनी फक्त एक सही करायची होती.

"वहिनी, हट्ट सोडा," दीर म्हणाले. "कारखान्याचं काम गेलं तर निम्मं सेंटर गेलं."

कारखान्याचा मॅनेजर बाहेरच्या बाकावर बसलेलाच होता. सकाळपासून तिसऱ्यांदा आत येऊन त्यानं बजावलं की रिपोर्ट आजच हवेत, कारण सोमवारी कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही ते ठरायचंय. आज मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या सेंटरला जाईल. बाईंनी त्याला खुशाल द्या म्हणून सांगितलं. तो पाय आपटत निघून गेला आणि दिरांचा चेहरा पांढराफटक पडला.

चाळणीनं वही उघडली. कॉपी ठेवलेली आहे का? तिलाही कुलूप. पासवर्ड आणखी कुणाला माहीत होता? कुणालाच नाही. माहिती बाहेर गेली असेल का?

"एक ओळसुद्धा गेलेली नाही."

"इतक्या खात्रीनं कसं सांगता?"

"माझं मशीन मला माहीत आहे."

पाणी कुठंतरी मुरत होतं. चाळणीनं ताडलं की बाईंच्या हातून काहीतरी हलगर्जीपणा झाला आहे. भलतीच लिंक दाबली असेल, पासवर्ड कुठं चिकटवून ठेवला असेल, आणि तज्ज्ञ आला की पितळ उघडं पडेल अशी त्यांना भीती आहे. त्याला बाईंची कीव आली. ऑफिसात कुणाचा विश्वास बसला नसता, पण आली. त्यानं आवाज खाली आणला.

"चूक झाली असेल तर झाली, बाई. विमा त्यासाठीच असतो."

बाई हसल्या. "चूक झालेली नाही."

"मग आमच्या माणसाला बघू द्या."

"त्यात चाळीस जणांच्या छात्या आहेत. परक्याचा हात मी लागू देणार नाही. आणि तुमच्या कंपनीचा पैसा मला नको. सेंटर माझं आहे, बुडालं तर माझं बुडेल."

चाळणीनं कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, की मी राजीखुशीनं क्लेम मागत नाही, पुढंही मागणार नाही. खाली बाईंनी ठसठशीत सही ठोकली, तारीख घातली. दीर डोक्याला हात लावून घरी गेले. चाळणीला राग आला होता, पण त्या सहीकडे पाहून त्याला बाईंचा आदरही वाटला, हे खोटं नाही.

पुढच्या रस्त्यावर जागा नव्हती म्हणून त्यानं स्कूटर मागच्या गल्लीत लावली होती. इमारतीला वळसा घालून तो तिथं पोचला तर गल्लीत माणसांची रांग. भुवयांवर फरशीची पांढरी धूळ, कुणी खोकतंय, कुणी भिंतीला टेकलंय. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. रांग सेंटरच्या मागच्या खिडकीशी जाऊन थांबत होती, आणि तिथून प्रत्येक जण काखेत मोठा खाकी लिफाफा घेऊन परतत होता. चाळणी खिडकीजवळ गेला.

"हा तुझा," आतून बाई एका कामगाराला सांगत होत्या. "डॉक्टरला दाखव, मग वकिलाला. कारखान्याच्या हाती सोमवारनंतर पडेल." त्यांनी मान वर केली आणि त्यांना चाळणी दिसला. त्यांनी खिडकी लावून घेतली नाही. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी कुलूप उघडायचा शब्द टाईप केला आणि पुढच्या माणसाची फाईल उघडली.