हातातली तार

सरोजिनीबाईंनी देगलूर भागातल्या बोलीचे चार हजार शब्द वीस वर्षांत गोळा केले होते. ते सारे एका जुन्या संगणकात होते. तो पेनड्राइव्ह ओळखत नव्हता. बाहेरची वाट एकच, डायल-अप मॉडेम. म्हणून त्यांचा जुना विद्यार्थी श्रीनाथ नांदेडहून दुसरा मॉडेम आणि लॅपटॉप घेऊन आला.

"बाई, बिनघोर राहा. दोन्ही मॉडेम तारेनं जोडतो, शब्द लॅपटॉपात घेतो."

"एक जरी शब्द हरवला, तर तुला पुन्हा पहिलीत बसवीन!"

त्याने सराईतपणे नंबर टाकला. मॉडेम किंचाळला, खरखरला, शांत झाला. जुन्या संगणकाच्या पडद्यावर शब्द एकामागून एक जाऊ लागले. श्रीनाथ समाधानाने हसला.

मग त्याला दिसले, की जोडायची तार अजून त्याच्याच हातात आहे. लॅपटॉपही बंद होता.

"जाऊन राहिलेत ना रे?"

"जाऊन राहिलेत, बाई." कुठे, ते त्याला सांगता येईना.

शेवटचा शब्दही गेला, तशा बाई पडद्याकडे बघतच थिजल्या. "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?" त्याने विचारले.

बाईंचे ओठ हलले. "हाव." आवाज त्यांचाच होता. पण तो मॉडेममधून आला.