दूरचं सुतक

"जगातलं युद्ध थांबेपर्यंत या घरात चूल पेटणार नाही!" बापूजी अंगणात उभे राहून गरजले.

चूल त्यांच्या घरात वीस वर्षांपासून नव्हतीच. गॅस होता, तोही सकाळी संपलेला. आणि ऐकायला फक्त शेजारची विजयमाला होती. ती भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती.

"कोणतं युद्ध जी?"

"टीव्हीवर चालून राहिलं ते."

"अरे बापा. अन् मंग जेवणाचं?"

बापूजी घरात निघून गेले. इतका पुढचा विचार त्यांनी केला नव्हता.

तिगावजवळच्या रेल्वे फाटकावर त्यांनी तीस वर्षं हिरवी झेंडी दाखवली होती. जे येईल ते समोरून जाऊ द्यायची सवय होती. पण त्या सकाळी टीव्हीवर एक बाई दिसली. पडलेल्या घरासमोर परात घेऊन ती कणीक मळत होती. घरातलं कोणी उरलं नाही, असं बातमी देणारा सांगत होता. मग सिमेंटची जाहिरात लागली.

"परात पाहाले पाहिजे होती," बापूजी पुढे येईल त्याला सांगू लागले. "सात-आठ माणसाइची कणीक होती. एकटीची नव्हती."

पांढुर्ण्याच्या त्या मोहल्ल्यात एक रीत पक्की. मयतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी डबा न्यायचा आणि माणूस जेवेपर्यंत तिथं बसायचं. सुतक कोणाचं, हे डबा नेणाऱ्यानं विचारायचं नाही.

संध्याकाळी विजयमाला पिठलं-भाकर घेऊन आली. तिचे दोन्ही लेक नागपूरला नोकरीवर. घरी ती एकटीच. मागोमाग हिरामण शिंपी आला. त्यानं मात्र विचारलंच.

"त्या बाईशी तुमचं नातं काय जी?"

"तुह्या मावशीच्या दिरासाठी तू पाच दिवस दुकान बंद ठेवलं. ते कोणतं नातं?"

"तिथं जेवण चांगलं होतं," हिरामण म्हणाला.

"तुमच्या चुलीनं तिकडचे बॉम्ब थांबते का पण?" विजयमालानं विचारलं.

"नाही थांबत. पण तिकडं माणसं मरून राहिली अन् आपल्या घरातून फोडणीचा वास, हे बरं दिसते का?"

सगळे जेवले.

शुक्रवारी नवं सिलेंडर आलं. बापूजींनी ते सीलसकट कोपऱ्यात ठेवलं. सुरुवातीला पिठलं येत होतं, चौथ्या दिवशी कढीगोळे आले. शोक वाढला तसा स्वयंपाक सुधारत गेला. अंगणात रोज सतरंजी पडू लागली. बापूजींची बायको अंबाबाई चैत्रात गेल्या, त्यांच्या तेराव्यापर्यंत ती अशीच पडायची. चौदाव्या दिवशी हिरामणनंच ती घडी करून ठेवली होती.

मंगळवारी दुपारी टीव्ही पाहता पाहता बापूजी ताडकन उठले. त्यांनी टीव्ही बंद केला आणि त्याच्यावर अंबाबाईची चादर टाकली. रिमोटमधले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. चैत्रापासून बंद पडलेलं घड्याळ टिकटिक करू लागलं.

"पाहवत नाही बापा," संध्याकाळी त्यांनी सांगितलं.

विजयमालानं चादरीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "घड्याळ चालू झालं वाटते."

"हो."

"वेळ बरोबर दाखवते?"

"थोडं मागं हाय."

"राहू द्या," ती म्हणाली.

हिरामण रोज पेपर आणून मोठ्यानं वाचायचा. "सुतकाच्या घरी पेपर वाचत नाही," असं बापूजींनी त्याच दिवशी ठरवलं. अशी रीत पांढुर्ण्यात काय, पार सौसरपर्यंत कोणाला ठाऊक नव्हती. पण आयुष्यात कोणाचं न ऐकणाऱ्या हिरामणनं मुकाट्यानं पेपर घडी करून बुडाखाली घेतला.

"त्या बाईचं काय झालं असन?" बापूजी दर संध्याकाळी विचारत.

"कोणीतरी डबा नेला असन," विजयमाला म्हणायची.

"तिचे शेजारीच राहिले नाही, विजयमाला."

मग ती त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढायची.

पुढच्या मंगळवारी हिरामण जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेला होता. सतरंजीवर दोघंच. बापूजींनी पहिला घास मोडला, हातात धरला आणि परत ताटात ठेवला.

"विजयमाला, तुले एक सांगाचं हाय. रागावशील तू. ते युद्ध..."

"मागच्या मंगळवारीच थांबलं," तिनं वाटीत कढी ओतत म्हटलं. "साऱ्या मोहल्ल्याले माहीत हाय."

बापूजींनी मान खाली घातली. घड्याळाची टिकटिक त्यांना फार मोठी वाटू लागली.

"मंग तू डबा काहून आणून राहिली?"

विजयमाला उठली. पदर खोचून ती दोन अंगणांमधल्या भिंतीच्या खिंडारापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली.

"एकटीची कणीक भिजवता येत नाही मले अजून," ती म्हणाली. "उद्या पातोडी करून राहिली. आजचा डबा तेवढा घासून ठेवा."