रजिस्टरले न दिसणारी ट्रॉली

देवमन खिल्लारेची ट्रॉली ब्रेकच्या परीक्षेत पास झाली. तीस पोती गिट्टी घेऊन उतारावर एकटी उभी राहिली आणि बोटभरही मागं सरकली नाही. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला, कारण त्याच दुपारी ग्रामपंचायतीत असं काही घडलेलं नाही असं ठरलं.

"कोनती ट्रॉली म्हनता काका?" ग्रामसेवक रवीनं विचारलं.

"पंचायतीची. समाजमंदिरामागं बारा वर्षं पडून होती, ते. सरपंच म्हने, दुरुस्त करा अन् बायकांच्या गटाले वापरा. केली. आता गटाच्या नावानं दाखला द्या, म्हंजे इमा काढतो."

रवीनं रजिस्टर पुढून मागं चाळलं, मग मागून पुढं.

"अशी ट्रॉली आपल्याकडं नाही."

देवमननं खिडकीबाहेर बोट केलं. ट्रॉली दारातच उभी होती. निळाशार रंग, मागं लाल रिफ्लेक्टर.

"मंग हे काय हाय?"

"हे तुमाले दिसून राह्यली. रजिस्टरले दिसत नाही." रवीनं पान उघडून दाखवलं. "निर्लेखित, म्हंजे नोंदीतून उडवली. पाच वर्षांआधी गॅसनं कापून भंगारात देल्ली. पंचांच्या डोळ्यादेखत."

"कापली? मंग मी तीन महिने काय जोडून राह्यलो होतो?"

रवीकडे या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

देवमनचा राग समजण्यासारखा होता. त्यानं एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं ब्रेक बसवले होते. मागच्या हंगामात गटाचं सोयाबीन भाड्याच्या ट्रॉलीतून रिसोडला निघालं, तेव्हा ट्रॅक्टरच्या हुकात पिनीऐवजी सळईचा तुकडा घातलेला होता. चढावर सळई वाकली, ट्रॉली सुटून मागं आली. मागून चालणाऱ्या भागिरथाचं मनगट मोडलं. भागिरथा म्हणजे गटाची अध्यक्ष, आणि देवमनची बायको. तो हात अजून पूर्ण वळत नाही. भाकरी देवमन थापतो. भाकरीबद्दल घरात कोणी बोलत नाही.

म्हणून त्यानं पंचायतीची ट्रॉली उचलली. तिच्या तळातून बाभूळ वर आली होती, ती आधी तोडली. जवळच्या मालेगावच्या निजामुद्दीन वेल्डरनं तडा गेलेली दांडी काढून नवी लावली. बेअरिंग बदलले, टायर बदलले, ब्रेक बसवला, पिनीला क्लिप आणि क्लिप दगा देईल म्हणून वर साखळी. साखळी दगा देईल म्हणून काय, तेही देवमन विचारून पाहत होता, पण निजामुद्दीननं वेल्डिंग मशीन बंद केली.

"जिती कशी होईन आता हे?" देवमननं रवीला विचारलं.

"एकच रस्ता हाय. पंचनामा खोटा निघाला पायजे. पंचावर गुन्हा लागला, म्हंजे ट्रॉली जिती."

"पंच कोन होता?"

"कागद तालुक्याले हायेत. मी तवा इथं नव्हतो."

देवमन तिथूनच तालुक्याला गेला आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून आला. सोयाबीन निघायला दोन महिने होते.

भागिरथानं एका वाक्यात निकाल दिला. "बिनकागदाची ट्रॉली मी रस्त्यावर काढू देनार नाही. अन् सळईवाली दारात आली, तर पोते डोक्यावर नेईन."

"एका हातानं?"

"तुमचे दोन हायेत ना."

निजामुद्दीन मात्र थंड होता. चहा ओतत म्हणाला, "सोडून द्या देवमनभाऊ. पंचाले काय माहीत राह्यते? बलावतेत, चहा पाजतेत, सही घेतेत. मी सोता दोन अपघातांचा पंच हाओ. एकबी अपघात पाह्यला नाही."

"तुमाले लाज नाही वाटत?"

"चहा चांगला होता."

"उभ्या ट्रॉलीले मेली म्हनून सही करते, तो मानूस हाय का? माह्या बायकोचा हात असाच कोनाच्या 'चालते'मुळं गेला. मी त्याले सोडनार नाही. सख्खा भाऊ निघाला तरी नाही."

गावात त्यानं हेच पारावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, आणि एसटीत शेजारी बसलेल्या, अनसिंगचं तिकीट काढलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. तो माणूस एक थांबा आधी उतरला. रोज रात्री जेवताना पंचाचा उद्धार व्हायचा.

"मले त्या पंचाच्या बायकोची कीव येते," भागिरथा म्हणायची. "कसा संसार करत असन अशासंग."

एकोणतिसाव्या दिवशी टपाल आलं. देवमननं उभ्यानंच लिफाफा फोडला, पंचनामा वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. भागिरथानं विचारलं, "कोन निंगाला?" त्यानं दोन कोरे कागद मागून घेतले, ओट्यावर बसला आणि अर्ज लिहून काढला. अर्ज पुढीलप्रमाणे:

"मा. गटविकास अधिकारी साहेब यांचे सेवेशी. विषय: खोट्या पंचावर कडक कारवाई होणेबाबत. महोदय, वरील विषयी सविनय सादर करतो की, सदर पंचनाम्यावर पंच क्रमांक एक म्हणून ज्याची सही आहे, तो इसम मी स्वतः आहे. सही माझीच आहे. चहा घेतल्याचे आठवते, वाचल्याचे आठवत नाही. तरी माझी कसलीही गय न करता माझ्यावर माझ्याच तक्रारीवरून तात्काळ गुन्हा दाखल करावा, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत सदर ट्रॉली जप्त मुद्देमाल समजून, सोयाबीन निघण्यापूर्वी, आरोपीच्या बायकोच्या ताब्यात द्यावी, ही नम्र विनंती."