मनगटावरची रेघ

थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी जंगलात गोचीडतापाची साथ आली. जावई जंगलखात्यात, तोडायच्या झाडांवर खुणा करणाऱ्या टोळीत होता. टोळीतले दोघं तापाने गेले, तेव्हापासून सासू त्याला गोचीड लागू नये म्हणून निलगिरीचं तेल देई. लिंबासारख्या वासाच्या झाडाचं, स्वतः भट्टीवर काढलेलं, खोबरेलात मिसळलेलं.

त्या संध्याकाळी जावयाने आत येताच फडताळातली बाटली काढून ओट्यावर आपटली.

"तुमचं तेल तुम्हालाच लखलाभ, सासूबाई! गुडघ्यामागे गोचीड चिकटली होती. चिमट्याने ओढून काढली. उद्यापासून मी हे लावणार नाही."

थोरलीचा चेहरा उतरला. सासू जागची हलली नाही.

"लावलं कधी होतं?"

"सकाळी. अजून घमघमतोय मी. बसमध्ये शेजारी कुणी बसेना!"

"म्हणजे माणसांना चांगलंच लागू पडलं."

थोरली फिस्सकन हसली. जावई हसला नाही.

त्याच्या विजारीवर आणखी एक गोचीड वर चढत होती. सासूने ती काडीवर घेतली, आपल्या मनगटाभोवती तेलाची ताजी रेघ ओढली आणि गोचीड बोटांवर सोडली.

"आई, वेड लागलंय का तुला!"

"गप बस. बघ नुसतं."

गोचीड हातावरून वर निघाली. रेघेपाशी थबकली, पुढच्या पायांनी हवेत चाचपडली आणि आल्या वाटेने परत फिरली.

"आता तुमचा हात."

जावयाने बायकोकडे पाहिलं. मग हात पुढे केला. त्या घमघमणाऱ्या हातावरून गोचीड कुठेही न थांबता मनगट ओलांडून थेट कोपराकडे निघाली. सासूने ती उचलून रॉकेलच्या वाटीत टाकली.

"वास मागे राहतो, जावईबापू. गुण उडून जातो. दर दोन तासांनी पुन्हा चोळायचं. बाटली खिशात हवी, घरच्या फडताळात नको. आणि आल्यावर अंग तपासून घ्यायचं. तिथे तेल कामाचं नाही, बायकोचे डोळे लागतात."

"ती तर लग्न झाल्यापासून तपासतेच आहे," जावई पुटपुटला. त्याने बाटलीचं बूच दाबून बसवलं आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

जंगलातली नोकरी त्याने पुढे निवृत्त होईपर्यंत केली, गोचीडताप त्याला कधी आला नाही. गेल्या हिवाळ्यात तो वारला. वय झालं होतं. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही.